राहिलेली बारी

"साहेब, तुमच्या म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं," पुंजाराम म्हणाला, तेव्हा बद्रीनाथ सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी चहा पीत उभा होता. पुंजाराम हा वॉर्डातला न्हावी. मूळचा गंगापूरचा, आता सरकारी पगारावर. ऑपरेशनच्या आधी रोग्याच्या अंगावरचे लागतील तिथले केस काढणं हे त्याचं रोजचं काम. तो तक्रार करत नव्हता, चक्रावला होता. पंधरा वर्षांत त्याने रडणारे पाहिले होते, शिव्या घालणारे पाहिले होते, वस्तरा बघून घेरी आलेला एक पहिलवानही पाहिला होता. पण वाटेत आडवी आलेली फांदी बाजूला करावी इतक्या शांतपणे हात बाजूला करणारा माणूस कधी पाहिला नव्हता. आणि वर म्हाताऱ्याने त्याला विचारलं होतं, "मंग तुझी कोण करणार?" गोळ्यांची गुंगी असेल, असं पुंजारामचं मत पडलं. बद्रीनाथने कप टपरीच्या फळीवर ठेवला. ती गुंगी नव्हती. ते वाक्य त्याने अठरा वर्षांत ऐकलं नव्हतं, आपण ते विसरलो अशी त्याची पक्की समजूत होती, आणि आज सकाळी सव्वाआठला, टांग्यांच्या आणि सायकलरिक्षांच्या गोंगाटात, ते एका गंगापूरकराच्या तोंडून त्याच्यापुढे येऊन उभं राहिलं. चहा अर्धा तसाच राहिला.

प्रश्न साधा होता आणि घड्याळ चालू होतं. सांडूच्या, म्हणजे बद्रीनाथच्या बापाच्या, गळ्यात गाठ होती. दिवाळीपासून ती श्वासनळीवर दाबत होती. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी घास अर्ध्या वाटेवर थांबायचा आणि रात्री झोपेत श्वास शिट्टीसारखा वाजायचा. अकरा वाजता ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी काल स्वच्छ सांगितलं होतं की छातीपर्यंत आलेली ही दाढी निघाल्याशिवाय सुरी लावता येणार नाही, आणि आजचा दिवस हुकला तर पुढचा नंबर पंधरा दिवसांनी. तेवढे दिवस ही गाठ वाट बघेल याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणजे दाढी की बाप, असा हा हिशेब होता, आणि बापाने दाढी धरून ठेवली होती. जिना चढताना बद्रीनाथच्या मनात पहिली आली ती खुशी. चक्क खुशी. ज्या माणसाला गावच्या न्हाव्याने जन्मभर शिवलं नाही, त्याच्या खाटेशी आज सरकारचा न्हावी आपल्या पायांनी चालत आला, आणि बापाने त्याला परत पाठवला. वा रे सांडू, असं काहीतरी त्याच्या आत बोललं. पण चार पायऱ्यांत ती खुशी ओसरली, कारण बापाला तो ओळखत होता. बाप सूड घेणाऱ्यातला नव्हता. सूड घेतला असता तर समजूत काढता आली असती. ही गोष्ट त्याहून जुनी आणि त्याहून अवघड होती.

त्यांचं गाव सोयगावच्या अलीकडे पाच कोसांवर. गावचा न्हावी पाटलाची म्हैस भादरी, पण गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाच्या गालाला त्याचा वस्तरा लागत नसे. याचं वस्तीला वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटतच होतं. पण वस्ती त्यावर रडत बसली नव्हती. कुठल्या तरी पणज्याने, ज्याचं नावही आता उरलेलं नाही, त्याने एक रीत पाडली होती, आणि ती वस्तीने अशी जपली की पुढे पुढे न्हावी येत नाही ही गोष्ट बारीक होत गेली आणि रीत मोठी. ऐतवारी सकाळी ओढ्याच्या काठावर दोन-दोन माणसं समोरासमोर उकिडवी बसत. साबण नाही, आरसा नाही. ओढ्याचं पाणी गालाला चोळून चोळून केस मऊ करायचे आणि वस्तरा चामड्याच्या तुकड्यावर चार वेळा इकडे, चार वेळा तिकडे. एकाने दुसऱ्याची करायची, मग त्याच बैठकीत, त्याच वस्तऱ्याने, दुसऱ्याने पहिल्याची. आपली झाली की "मंग तुझी कोण करणार?" असं म्हणत वस्तरा मागून घ्यायचा. ही झाली जोड. जोड एकदा लागली की जन्माची. धाकट्याने आधी गळा पुढे करायचा. पैसा नाही, दाणा नाही, कारण बदल्यात काही घेतलं की एक जण चाकर झाला. आणि वस्तरा उघडा आहे तोवर नातं नाही: चुलता असो, मेव्हणा असो, नुसत्या नावाने हाक मारायची, अरे-तुरे करायचं. आठवडाभर दोघांचं बांधावरून वाजलेलं असो, ऐतवारी बसावंच लागे. ज्याला काल डोकं फोडीन म्हणालास त्याच्यासमोर आज डोळे मिटून गळा उघडा करायचा, आणि थोड्या वेळाने त्याचा गळा तुझ्या हातात. भांडणं तिथे मिटत असं नाही, पण फार वाढत नसत. बद्रीनाथ लहानपणी ओढ्याच्या दगडावर बसून हे बघायचा. पाण्यावर ऊन, वीस-बावीस माणसं, कुणी बोलत नाही, नुसता खरखर आवाज. बापाचा जोडीदार कडूबा. ठेंगणा, गालावर देवीचे व्रण, आणि बापाचा हात त्या व्रणांच्या खड्ड्याखड्ड्यांतून असा जायचा की बद्रीनाथला वाटे, आपला बाप आंधळा झाला तरी कडूबाचं तोंड काढून दाखवील.

तेच बापाचं मोठेपण त्याने एकदा ढळढळीत पाहिलं होतं. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. रझाकारांच्या भीतीने गावचा न्हावी बायकापोरांसह खानदेशात सासुरवाडीला पळाला होता, आणि लष्कराच्या लॉऱ्या जाऊन सगळं निवळलं तरी तो महिनाभर फिरकला नाही. गाव दाढ्यांनी भरलं. त्यातच नवे तहसीलदार येणार असा सांगावा आला. पाटलांना असल्या अवतारात सरकारपुढे जाणं बरं दिसेना, आणि त्यांना आठवण झाली की वस्तीत वस्तरे आहेत, हातही आहेत. सांडूला बोलावणं आलं. बद्रीनाथ बापामागोमाग गेला होता. अंगणात उभा राहून बापाने वस्तरा कमरेतून काढला, उन्हात उघडून दाखवला, पुन्हा मिटला, आणि अगदी अदबीने म्हणाला, "करतो की पाटील. पन आधी तुमी माझी करा. धाकट्यानं आधी बसायचं असतं, आन मी तुमच्याहून धाकटा हाय." पाटील आधी हसले. मग त्यांना कळलं की हा गंमत करत नाही.  बापाने रामराम केला आणि तो परत निघाला, ना घाईने ना हळू. तहसीलदारांनी पाटलांना पाटील म्हणून ओळखलंच नाही, असं पुढे वस्तीत सांगत. खरं-खोटं वस्तीला ठाऊक. त्या हंगामात मात्र गावच्या रानात त्यांच्या घरातल्या कुणाला काम मिळालं नाही. आई साळूबाई कापूस वेचायला दोन कोसांवरच्या गावाला जात राहिली. तिने त्याबद्दल नवऱ्याला एक शब्द ऐकवला नाही. उलट वेचणीच्या बायकांना ती हा किस्सा सांगायची आणि पाटलांची नक्कल स्वतः करायची.

वॉर्डात सांडू भिंतीला टेकून बसला होता. सत्तरीच्या आसपासचं अंग, हाडं मोठी, दाढी पांढरी आणि पसरट, आणि दाढीखाली गाठ दिसत नसली तरी श्वासाबरोबर दाढीच हलत होती. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको सारजाबाई उगाच चादर झटकत ऐकायला उभी होती. बद्रीनाथ पाटबंधारे खात्यात नकाशे काढायच्या कामावर होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, दवाखान्यातले लोक त्याला साहेब म्हणत, आणि त्याला ते आवडत असे, हे कशाला लपवा. तो खाटेच्या कडेला बसला आणि शहरी, समजूतदार आवाजात बोलू लागला. डॉक्टर काय म्हणाले, गाठ कशी आहे, पुंजाराम चांगला माणूस आहे, आता जग बदललं, आता कुणी कुणाला शिवत नाही असं राहिलं नाही. बाप ऐकत होता. समजावणं संपल्यावर त्याने एवढंच सांगितलं की न्हाव्यावर त्याचा राग नाही. बिचाऱ्याचा हात चांगला दिसतो. पण तो आपली करणार आणि पेटी उचलून चालता होणार. आपण त्याची करायची नाही. मग आपण कोण झालो? भादरलेली म्हैस. तेवढं बोलायला त्याला तीनदा थांबून श्वास घ्यावा लागला.

"मग तुमची तुम्ही करा," बद्रीनाथ चिडून म्हणाला. "वस्तरा तर उशाखालीच आहे."

"आपली आपन करायची म्हंजी एकल्यानं जेवल्यावानी," बाप म्हणाला. "आन माझी बारी कडूबाकडं राहिली हाय."

ही दाढी नऊ वर्षांची होती. कडूबा तापाने गेला तो शनिवारी. ऐतवारी सकाळी, न्यायच्या आधी, सांडूने त्याला भिंतीशी टेकवून बसवला, समोर उकिडवा बसला आणि जिवंतपणी करायचा तशी त्याची दाढी केली. मध्येच नाव घेऊन, हनुवटी वर कर म्हणाला, आणि स्वतःच दोन बोटांनी ती वर केली. बद्रीनाथ त्यासाठी गावी गेला होता. दारात उभं राहून त्याने ते पाहिलं होतं आणि त्याला, खरं सांगायचं तर, किंचित लाज वाटली होती. बरोबर ऑफिसातले एक गृहस्थ आले होते आणि ते काय म्हणतील असं त्याला वाटत होतं. बैठक अर्धी झाली. सांडूने केली, कडूबाने करायची राहिली. त्यानंतर सांडूने वस्तऱ्याला धार लावणं सोडलं नाही, दर ऐतवारी तो लावत असे, पण गालाला पातं लावलं नाही. नवी जोड लावायला कुणी उरलंही नव्हतं. वस्तीतली पोरं सोयगावला खुर्चीत बसून करून येत; आता तिथे कुणी अडवत नव्हतं, आणि ती चांगलीच गोष्ट होती. जोड्या एकेक करून मोडत गेल्या. बापाची दाढी म्हणजे म्हातारपण, असं बद्रीनाथ बायकोला, आशाला, सांगत आला होता. ती दाढी म्हणजे वाट बघणं होतं, हे तो स्वतःलाही सांगत नव्हता.

साडेनऊ झाले. पुंजाराम दोनदा दारातून डोकावून गेला. बद्रीनाथ म्हणाला, मी करतो. बापाने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं, आणि डोळे मिटले. "बापलेकाची जोड व्हत नाय."

का होत नाही हे बद्रीनाथला माहीत होतं. वस्तऱ्यापुढे नाव घ्यावं लागतं, आणि बापाचं नाव कोण घेतं. वस्तीत शेकडो वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. पण बापाच्या मिटल्या डोळ्यांत नुसतं तेवढंच नव्हतं. त्यात असंही होतं की तुला काय ठाऊक जोड म्हणजे काय. मिसरूड फुटायच्या सुमाराला तू निघालास, कुणासमोर बसला नाहीस, तू आरशासमोर एकटा करणारा. आणि हे बद्रीनाथला लागलं, कारण ते खरं नव्हतं. एकदा तो बसला होता. एकदाच, आणि अठरा वर्षं त्याने ती गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आशालाही नाही. ती आठवली की अजून त्याचे कान गरम होत. नकाशावर शाईची रेघ ओढता ओढता आठवली तर तो पेन उचलून घ्यायचा, रेघ बिघडू नये म्हणून.

कॉलेजात आला त्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. नागसेनवनातल्या वसतिगृहातून तो पायी शहरातल्या शहागंजच्या बाजारात गेला होता. ओठावर, हनुवटीवर काळं दिसू लागलं होतं आणि वर्गात मुली होत्या. घड्याळाच्या मनोऱ्याच्या मागच्या गल्लीत इब्राहीम नावाच्या माणसाचं सलून होतं. दोन खुर्च्या, चार आरसे, बाकावर वर्तमानपत्र वाचणारी रिकामी माणसं. "आओ मियाँ, बैठो," इब्राहीम म्हणाला. त्याने जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती पांढरं फडकं बांधलं, आणि बद्रीनाथच्या गालावर जन्मात पहिल्यांदा वस्तरा फिरला. काय सुंदर हात होता. बद्रीनाथचे डोळे भरून आले होते, ते त्याने साबणावर ढकललं. मग इब्राहीमने फडकं झटकलं, आणि बद्रीनाथ उठला, आणि जे त्याला जगात सगळ्यात साहजिक वाटत होतं ते त्याने केलं: फळीवरचा वस्तरा उचलला, खुर्चीच्या मागे गेला, आणि म्हणाला, "आता तुम्ही बसा."  मग बाकावरची माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, अरे, हा तर हज्जाम निघाला. दुसऱ्याने वर्तमानपत्र तोंडावर घेतलं. इब्राहीम हसला नाही, त्याने हळूच त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला, आणि विचारलं, "बेटा, तुमच्याकडे असं करतात?" तो प्रश्न प्रेमाचा होता, पण अठरा वर्षांच्या पोराला तेव्हा प्रेम कुठलं दिसतं. पैसे फळीवर टाकून तो पळाला. त्याच दिवशी शहागंजातच त्याने एक सेफ्टी रेझर आणि हाताएवढा आरसा घेतला, आणि वसतिगृहात सगळे उठायच्या आधी उठून एकट्याने दाढी करू लागला. तेव्हापासून आजपर्यंत एकट्यानेच. लोक म्हणत, बद्रीनाथ साळवेंची दाढी कशी रोज गुळगुळीत. त्याला वाटे, आपण सुधारलो.

आणि आता या वॉर्डात, फिनेलच्या वासात, बापाच्या श्वासाची शिट्टी ऐकत तो विचार करत होता की आपण नेमकी कशाची लाज धरली. जात निघाली म्हणून नव्हे; ती कुणी विचारलीच नव्हती. अडाणी ठरलो म्हणून. पण त्या खोलीत अडाणी कोण होतं? एका माणसाने माझं तोंड साफ केलं आणि मी म्हणालो, आता माझी बारी, तुम्ही बसा. अंगणात पाटलांना बाप वेगळं काय म्हणाला होता? बाप बोलला ते वस्तीने पोराबाळांना सांगून ठेवलं, आणि मी बोललो ते अठरा वर्षं तोंड दाबून पुरलं. तिथे हसणारे हसले आणि मी त्यांचं खरं मानलं. पाटीलही आधी हसलेच होते, पण बापाने ते मानलं नव्हतं. एवढाच फरक होता, आणि तो फार मोठा होता. त्याला स्वतःची चीड आली, आणि चीड आली म्हणूनच बहुधा त्याचं तोंड उघडलं. त्याने बापाला सगळं सांगितलं. इब्राहीम, फडकं, वस्तरा, बाकावरची माणसं. सारजाबाई ऐकत होती, दारातला पुंजाराम ऐकत होता, त्याने आवाज खाली केला नाही. शहरी आवाज मध्येच कुठे तरी गळून पडला होता.

बाप डोळे उघडून ऐकत राहिला. 

"उचलला व्हता वस्तरा?" त्याने विचारलं.

"व्हय."

"आन बसा म्हनला?"

"व्हय. बसा म्हनलो."

सांडूने उशाखाली हात घातला. फडक्यात गुंडाळलेला वस्तरा काढला, आणि खाटेवरून पाय खाली सोडत म्हणाला, "मंग बस. धाकट्यानं आधी."

पुंजाराम पुढे धावला. पाणी त्याने आणलं, वाटी त्याने धरली. पण वस्तरा बापाच्या हातातून क्षणभर मागून घेतला आणि अंगठ्याच्या नखावर पातं टेकवलं तेव्हा त्याचा चेहरा बदलला. ही धार कुणी लावली, असं त्याने विचारलं. मीच लावतो, म्हातारा म्हणाला. नऊ वर्षं न वापरता? नऊ वर्षं. पुंजारामने वस्तरा दोन्ही हातांनी परत दिला. बद्रीनाथला ते दिसलं, आणि त्याची छाती शर्टात मावेना.

दोघं फरशीवर समोरासमोर उकिडवे बसले. बद्रीनाथच्या पँटची इस्त्री गुडघ्यात मोडली. काल संध्याकाळी चहाची बशी धरताना बापाचा हात थरथरत होता, अर्धा चहा चादरीवर सांडला होता, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. तरी त्याने डोळे मिटले आणि गळा पुढे केला. बापाची बोटं गालावरून फिरली. खडबडीत, थंड, ओली. लहानपणी त्या बोटांनी कधी गाल कुरवाळलेला त्याला आठवत नव्हतं. "बद्रीनाथ," बाप म्हणाला. जन्मभर तो बद्र्या होता. पूर्ण नावाने बापाने हाक मारली ती ही पहिलीच. "सकाळी करून आलास जनू. काय काढू मी?" मग बोटं जबड्याच्या खाली गेली, आणि थांबली. "हे काय रे? शेत नांगरलं आन बांध तसाच ठेवला." पुंजाराम खुदकन हसला. पातं टेकलं. बापाची करंगळी कानाखाली रुतून बसली होती आणि हात थरथरत होताच, अजिबात थांबला नव्हता. पण थरथर मनगटापाशी अडवून पुढे फक्त पातं सोडायचं, हे त्या हाताला कसं कोण जाणे येत होतं. एकदाच चुकला. गळ्याच्या डाव्या अंगाला चुरचुरलं, उबदार थेंब कॉलरपर्यंत गेला. बापाने चुकलं म्हटलं नाही, बद्रीनाथने हूं केलं नाही. जोडीत ते बोलायचं नसतं.

मग सांडूने वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला, आणि मूठ पुढे करून दिला. डोळे मिटून तो वाट बघत बसला. दहा वाजून गेले होते. पुंजारामने आधी कात्रीने दाढीचा भार उतरवला, तेवढं बापाने चालू दिलं. आता खुंट उरले होते आणि त्यांच्यामध्ये, लिंबाएवढी, श्वासाबरोबर वर-खाली होणारी गाठ. गळा वर झाल्याशिवाय तिच्यावरून पातं नेता येत नव्हतं. "बा," बद्रीनाथ म्हणाला. बाप हलला नाही. ऐकूच आलं नाही जसं. "बा, जरा वर." काही नाही. श्वासाची शिट्टी तेवढी वाजत होती.   जे नाव सरकारी अर्जांवर त्याने हजारदा लिहिलं होतं, ते तोंडातून बाहेर पडेना. शंकेने त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर त्या मिटल्या डोळ्यांत राग नव्हता, परीक्षा नव्हती. तिथे समोरचा माणूस आपल्याएवढा आहे असं मानून चुपचाप बसलेला एक माणूस होता. ओढ्याच्या काठी कडूबासमोर बसायचा तसाच.

"सांडू," बद्रीनाथ म्हणाला. आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही, आणि मग वाटला. "सांडू, हनुवटी वर कर."

सांडूने हनुवटी वर केली.

हात नकाशे काढणारा होता, रेघ त्याला ठाऊक होती. गाठीच्या कडेकडेने, मग वरून, मग उलटं. पातळ झालेल्या कातडीखाली नाडी उडत होती आणि पातं तिच्यावरून जात होतं. बद्रीनाथला भीती वाटली नाही. त्याला फक्त असं वाटत होतं की हे काम नीट झालं पाहिजे. एकेक गाल उघडा होत गेला. नऊ वर्षं दिसलं नव्हतं ते तोंड बाहेर आलं. बसलेले गाल, ताठ जबडा, अंगणात पाटलांपुढे उभं राहिलेलं तेच तोंड. सारजाबाई म्हणाली, अगं बाई, हा तर केवढा देखणा माणूस. सांडूने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं, पण कोपऱ्यात ओठ हलला. बद्रीनाथने वस्तरा धुतला, पुसला आणि मिटला.

स्ट्रेचर आलं तेव्हा सांडू स्वतः चढून आडवा झाला. तळवा गालावरून, जबड्यावरून, गाठीवरून सावकाश फिरवून बघितला, कुठे काही राहिलं आहे का. राहिलं नव्हतं. "कडूबाचा हात लई जड व्हता," तो छताकडे बघत म्हणाला. "चाळीस वर्सं सोसला म्या. त्याला कदी बोललो नाय." मग श्वास घेऊन म्हणाला, "तुझा चांगला हाय." वॉर्डबॉयने स्ट्रेचर वळवलं. बद्रीनाथ दारापर्यंत बरोबर चालत गेला. कॉलरला रक्ताचा डाग होता आणि तो झाकायचं त्याच्या मनातही आलं नाही. दारापाशी बापाने हात वर करून स्ट्रेचर थांबवलं.

"ऐतवारी तू आधी बसायचं," तो म्हणाला. "आन घरून करून येऊ नको."

"नाय येत, बा," बद्रीनाथ म्हणाला.